बिनखिळ्याचा बैल

तानबा आबाजींच्या काही सवयी अंकुशला आता आठवतात.

बाकडं रिकामं असलं तरी ते भिंतीला पाठ टेकून उकिडवे बसायचे. कोणी म्हटलं, आबाजी, वर बसा ना, तर म्हणायचे, "वर बसलं का माणूस पेशंट दिसते." चहा पिण्याआधी दोन थेंब जमिनीवर सांडायचे. दवाखान्याच्या फरशीवरही सांडायचे, आणि मग धोतराच्या सोग्याने पुसायचे. फाटकावरच्या रखवालदाराने मागायच्या आतच चाकू काढून त्याच्या हातावर ठेवायचे. झोळीत कायम लाकडाचा एखादा ठोकळा आणि ढलप्या. आतल्या खोलीत मशीनचा ठणठणाट सुरू झाला की भजनाला बसल्यासारखी मान डोलवायचे. मधूनच छातीवर मूठ आपटून मोठा ढेकर काढायचे आणि आजूबाजूच्यांना समजावून सांगायचे, "इंजन जुनं हाय. धूर मारते." लोक हसायचे. दुसऱ्या कोणी नावं ठेवायच्या आत ते स्वतःच स्वतःला नावं ठेवून मोकळे व्हायचे. त्या बाबतीत त्यांनी कोणाला संधी दिली नाही.

अंकुशलाही एक सवय होती. ती नोकरीने लावलेली.

अंकुश मराठीत एम.ए. झाला होता. पहिल्या वर्गात. त्याचा प्रबंध कवितेतल्या मौनावर होता. प्राध्यापक व्हायची वाट पाहता पाहता तो वर्ध्याजवळच्या एका मोठ्या दवाखान्यात एमआरआयच्या खिडकीवर जाऊन बसला. काम सोपं होतं. नाव पुकारायचं आणि एक प्रश्न विचारायचा. अंगावर किंवा अंगात लोखंड आहे का? आतलं मशीन म्हणजे एक मोठा चुंबक. लोखंडाची वस्तू जवळ गेली तर ती खेचून घेईल, माणसाला लागेल, फोटो तर बिघडेलच. म्हणून प्रत्येकाला विचारायचं. बहिऱ्यांना ओरडून विचारायचं. मौनावर लिहिलेला माणूस दिवसभर ओरडत होता. हा विनोद त्याला स्वतःलाच सांगावा लागे. खिडकीपलीकडे कोणाला हसायची सवड नव्हती.

आबाजी हसले. पहिल्याच भेटीत.

"एम.ए. म्हंजे सतरावी ना? अन् काम नाव पुकारायचं. बरं हाय बावा. आमच्या गावात तेच काम कोतवाल चौथीत करते."

मग लगेच म्हणाले, "मनावर घेऊ नको, मास्तर. मी तं चौथीबी नाई."

तेव्हापासून अंकुश त्यांचा मास्तर झाला. वर्गात नाही तर नाही, निदान एमआरआयच्या दारात.

आबाजी यायचे ते नातीसाठी. सुरभी सहा वर्षांची. डोक्याच्या मागच्या बाजूला गाठ निघाली होती, ती कॅन्सरची होती. मागल्या साली ऑपरेशन झालं. मग किरणांचे शेक झाले, औषधं झाली. केस गेले आणि पुन्हा आले, कोंबडीच्या पिलासारखे मऊ. बाहेरून पोरगी ठीक होती. उड्या मारायची, शिव्या द्यायची. आतून ठीक आहे का, ते फक्त मशीनला दिसायचं. म्हणून दर तीन महिन्यांनी आबाजी तिला घेऊन यायचे. गाव गिरडच्या पलीकडे. समुद्रपूरपर्यंत एक एसटी, पुढे दुसरी. बाप गोपाल पुण्याकडे कंपनीत होता. आई वर्षाली पुन्हा गरोदर होती, तिला एवढे धक्के सोसायचे नव्हते.

"म्हून रिकामा माणूस पाठवते मले," आबाजी म्हणायचे. "घरात सगळ्यात कमी कामाचा मीच हाय."

लहान पोरं मशीनमध्ये शांत पडत नाहीत. बोगद्यासारखी जागा, डोक्यावर जाळीची टोपी, कानठळ्या बसवणारा आवाज. आणि जरासं हललं तरी फोटो पुसट येतो. म्हणून त्यांना भूल देऊन झोपवतात. सुरभीचे आधीचे सगळे फोटो तसेच झाले होते. पण मागच्या फोटोत एक पुसट ठिपका दिसला होता. ऑपरेशनच्या जागीच. तो जुन्या जखमेचा व्रण आहे की गाठ पुन्हा धरते आहे, हे या वेळच्या फोटोत कळणार होतं.

नेमका त्याच वेळी तिला खोकला झाला.

भुलीच्या डॉक्टरांनी छाती ऐकली आणि मान हलवली. छातीत घरघर आहे, भूल देणार नाही. पुढची तारीख महिन्याभराने.

आबाजी भिंतीला टेकून बसले होते. ते हळूच म्हणाले, "अन् तो ठिपका महिनाभर थांबते का?"

त्या दिवशी त्यांनी विनोद केला नाही. अंकुशच्या ते लक्षात आलं, कारण खिडकीपाशी फारच शांत वाटलं.

फोटो वाचणाऱ्या डॉक्टर प्रेरणा तरुण होत्या. त्या बाहेर आल्या आणि आबाजींसमोर चक्क उकिडव्या बसल्या.

"आबाजी, भुलीशिवाय करून बघू या का? जागेपणी. सहा वर्षांची पोरं करतात कधीकधी, आधी सराव झाला तर. घरी आठवडाभर तयारी करून घ्या. खोकला जरा कमी होईल तोवर. अरुंद जागेत, आवाजात, न हलता पडून राहायचं. जमलं तर याच मशीनवर पुढच्या आठवड्यात करू."

"सीटी नाई का होत? ते झटक्यात होते म्हणते."

"होतं. पण आम्हाला जे बघायचंय ते त्यात एवढं स्पष्ट दिसत नाही. आणि त्यात किरण असतात. हिला वर्षानुवर्षं फोटो काढायचेत. इथं नुसतं चुंबक आहे."

आबाजींनी नातीकडे पाहिलं. ती बाकड्याखाली शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर येत होती.

"मॅडम," ते म्हणाले, "हे पोट्टी झोपेतबी हलते."

मशीनचा आवाज अंकुशने मोबाइलवर भरून दिला. आणि रविवारी तो स्वतःच मोटरसायकलवर गावाला गेला. का गेला हे त्याने घरी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतं. साहित्याच्या विद्यार्थ्याला माणसं पाहायची असतात, असं तो स्वतःला म्हणाला. खरं म्हणजे घरी नोकरीचा विषय निघाला होता.

अंगणात ज्वारीची पत्र्याची कोठी आडवी पाडलेली होती. झाकण काढलेलं. आत गोधडी. कोठीतून दोन काळे, भेगाळलेले पाय बाहेर आले होते आणि हवेत लाथा मारत होते.

"ओढा बे!" कोठी म्हणत होती. "ओढा!"

आबाजींच्या घरधनीण सुमित्राबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "पाह्यलं का वो," त्या अंकुशला म्हणाल्या, जशी काही त्याची वर्षानुवर्षांची ओळख. "पोरीले दाखवतो म्हणे कसं झोपायचं ते. घुसला अन् अडकला. ज्वारी बरी, ते तरी ओतली का बाहेर येते."

अंकुशने एक पाय धरला, शेजारच्या रूपरावने दुसरा. आबाजी बाहेर आले ते बनियन गळ्याशी गोळा झालेलं. सुरभी हसून हसून जमिनीवर बसली होती. हसता हसता खोकली.

"पाह्यलं का, पोरी?" आबाजी धापा टाकत म्हणाले. "असं करायचं नाई. एवढं शिकवाले गेलतो."

छातीवर मूठ आपटून त्यांनी ढेकर काढला. "इंजन!" असं म्हणून बसले. सगळे हसले. अंकुशही हसला.

मग सुरभी आत गेली. कोठीभोवती गल्ली जमली. सुमित्राबाईंनी परातीवर उलथणं बडवलं. रूपरावने मोटरपंप लावला. अंकुशचा मोबाइल कोठीच्या पत्र्यावर ठेवला होता, पण गल्लीपुढे त्याचं काही चालेना. आबाजींनी नातीच्या पायाचा अंगठा धरला होता. त्यांचा नियम एकच होता. अंगठा धरला का हलायचं नाई. बैलाच्या पायाले नाल ठोकताना बैल कसा उभा राह्यते, तसं.

पाय हलले नाहीत. डोकंही नाही. हात मात्र सारखे उठत होते. नाक, कान, पोट.

"हात काऊन हालवून राह्यली?"

आतून आवाज आला, "हाताले काय करू मंग? त्याले काई कामच नाई."

हे आबाजींना पटलं. बिनकामाच्या माणसाचं दुखणं त्यांना ठाऊक होतं.

"बैल देऊ का धराले? तान्ह्या पोळ्याचा?"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा पोळा भरतो, तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल सजवून आणतात आणि रांगेत उभे करतात. आबाजी दर साली घरी बैल बनवायचे आणि दर साली गावाची करमणूक व्हायची. मागच्या वर्षी कोणीतरी सुरभीला विचारलं होतं, बकरी काऊन आणली वो? त्याच्या मागच्या वर्षीचा बैल पाहून लोकांनी तो कोणत्या जातीचा कुत्रा आहे यावर वाद घातला होता. आबाजी हे स्वतःच सांगायचे. "माह्या हाताचा बैल पाह्यला का लोक दूध मागते."

अंकुशने आपला प्रश्न गावातही विचारला. "आबाजी, पण त्यात खिळा नको. एकही नको. आत चालत नाही."

"नाई राह्यणार." त्यांनी त्याच्याकडे जरा रागानेच पाहिलं. "बिनखिळ्याचा बनवतो, मास्तर. खुंट्यावर."

त्या आठवड्यात त्यांचं दुसरं काही काम झालं नसावं. पांगाऱ्याचं हलकं लाकूड आणलं. पाय खुंट्यांवर बसवले, शिंगं खुंट्यांवर. वशिंड त्याच लाकडातून कोरलं. चाकं लावली नाहीत, कारण हा बैल पोटावर बसायचा होता.

ठरल्या दिवशी दवाखान्यात त्यांनी तो झोळीतून काढला आणि अंकुशच्या खिडकीत ठेवला. अंकुश पाहत राहिला. तो बैल होता. मान जराशी वळलेली, कान मागे टाकलेले. कोणीही त्याला बकरी म्हटलं नसतं.

"आबाजी, हा तुम्ही केला?"

"मलेबी खरं नाई वाटून राह्यलं."

सिस्टर भावनाने सुरभीच्या हातात, फोटो ठळक यायच्या औषधासाठी, प्लॅस्टिकची सुई बसवून दिली. सुरभी रडली, पण बैल सोडला नाही. मग मशीन चालवणारे धर्मेंद्रभाऊ बाहेर आले. त्यांच्या हातात लोखंड शोधायची काठी होती. अंकुशने प्रश्न विचारला. लोखंड आहे का? आबाजींनी छाती फुगवून सांगितलं, टाचणीसुद्धा नाही.

काठी सुरभीवरून फिरली. गप्प. बैलावरून फिरली आणि कुईं करून ओरडली.

"आबाजी, खिळा हाय."

"नाई."

"काठी म्हणून राह्यली हाय."

"काठी बिघडली असन. तुमचं सरकारी सामान."

"हे सरकारी नाई."

"तरी बिघडली असन."

धर्मेंद्रभाऊंनी पुन्हा फिरवली. शिंगांवर गप्प. पायांवर गप्प. पोटाखाली गेली की ओरडे. त्यांनी बैल उलटा केला. पोटाच्या मधोमध मेणाचा एक बारका ठिपका होता, नीट घासून लाकडाच्या रंगात मिळवलेला.

आबाजींनी टोपी काढली.

"हौ," ते म्हणाले. "ठोकला हाय एक. बारका."

"पण काऊन?" अंकुश जवळजवळ ओरडला. "एवढा खुंट्यांवर बनवला, आणि—"

"लय चांगला जमला ना, मास्तर." आबाजी फरशीकडे पाहत होते. "काल आंगणात ठेवला तं रूपराव म्हणे, काय बैल झाला गा, तानबा! सारी जिंदगी मले असं कोणी म्हणलं नोतं. मले भेवच लागलं. रूपरावची नजर वाईट हाय. मंग नजर लागू नये म्हून..." त्यांनी हाताने खिळा ठोकल्याची खूण केली. "लोखंड असलं का नजर लागत नाई ना."

धर्मेंद्रभाऊंनी भिंतीचा आधार घेतला. डॉक्टर प्रेरणा दारातून आल्या होत्या, त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं. भावना सिस्टर मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मग आता?"

आता खिळा काढायचा. बाहेर देखभालीच्या खोलीतून पकड आणली. खिळा बारका होता, पण आबाजींनी तो आयुष्यभराच्या भीतीने ठोकला होता. निघता निघेना. निघाला तेव्हा कर्र आवाज झाला आणि मागचा एक पाय खुंटीसकट हातात आला.

सगळे सुरभीकडे पाहू लागले. महिन्याभराने मिळणारी तारीख, पुसट ठिपका, आठवडाभराची परात आणि मोटरपंप, सगळं त्या पायावर येऊन थांबलं होतं. तिने ओठ काढले. अंकुशला वाटलं, झालं.

"त्याचंबी ऑपरेशन झालं?" तिने विचारलं.

"हौ," आबाजी म्हणाले. "आताच झालं. पोटात खिळा होता, काढला."

"मंग पट्टी लावा ना."

भावना सिस्टरने कागदी पट्टी आणली. पाय जागेवर ठेवून गुंडाळली, पोटाच्या भोकावरही एक लावली. सुरभीने तपासून पाहिलं. धर्मेंद्रभाऊंनी काठी फिरवली. काठी गप्प बसली.

"चला," आबाजी उठले. "अंगठा धराले मी येतो."

सोबत आत जाणाऱ्यालाही प्रश्न विचारायचा असतो. आजवर सुरभी भुलीत आत जायची, आबाजींवर आत जायची वेळ आली नव्हती. अंकुशने सगळे प्रश्न विचारले. शेवटचा होता, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का?

आबाजी थांबले.

"गेलता. वखराची लोखंडी पास घासत होतो, उडाला. डॉक्टर म्हणे लय आत हाय, राहू द्या, त्रास देत नाई."

"म्हणजे अजून आहे?"

"कुठं जाईन तो?"

डॉक्टर प्रेरणांनी मान हलवली. चुंबकाने तो कण हलला तर डोळा जाईल. आबाजींना आत जाता येणार नाही.

"घ्या," आबाजी म्हणाले. "बैलाचा खिळा निघाला, तं मालकाच्या डोळ्यात निघाला." पण आवाजात जोर नव्हता. त्यांनी अंकुशकडे पाहिलं. मग सुरभीनेही पाहिलं.

"मी?" अंकुश म्हणाला.

"अंगठाच तं धराचा हाय, मास्तर. सतरावी झाली ना तुमची?"

अंकुशने घड्याळ काढलं, मोबाइल काढला, चष्मा, किल्ल्या, पाकीट काढलं. पट्टा काढला. पट्ट्याविना पँट राहत नव्हती. एका हाताने पँट धरून, चष्म्याविना अर्धवट दिसत, दुसरा हात पुढे करून कवितेतल्या मौनाचा अभ्यासक त्या खोलीत शिरला. सुरभीने त्याला पाहिलं आणि खोकली. ती हसण्यातूनच खोकली असावी.

तिच्या कानांत बोळे घातले, डोक्यावर जाळी बसवली. बैल पोटावर. दोन्ही हात बैलावर. फळी आत सरकली. बाहेर राहिले फक्त पाय. अंकुश प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसला आणि त्याने अंगठा धरला. अंगठा थंड होता. दुसऱ्या हाताने तो सारखी पँट सावरत होता.

आवाज सुरू झाला. टक टक टक टक, मग घर्रर्र, मग लोखंडी दरवाजावर कोणी हातोडे मारावेत तसं. अंकुशने रोज तो दाराबाहेरून ऐकला होता. आतून तो वेगळाच होता. त्याला उठून पळावंसं वाटलं. पळाला असता तर पँट पडली असती, म्हणून बसला.

मधे आवाज थांबला. बोगद्यातून बारीक आवाज आला.

"दादा, हे आजीची परात होय ना?"

"हो."

"मंग तू काऊन हलून राह्यला? हलू नको ना."

पुन्हा सुरू झालं. अंकुशला तिचा चेहरा दिसत नव्हता. बोगद्याच्या तोंडाशी अंधूक बैल दिसत होता. श्वासाबरोबर तो वर यायचा, खाली जायचा. पट्टी बांधलेला पाय जरा तिरपा. अंकुश बैलच पाहत राहिला. धर्मेंद्रभाऊ आत येऊन सुईतून औषध सोडून गेले. आता शेवटचे फोटो, हलू नकोस हं, असं भिंतीतल्या डब्यातून त्यांचा आवाज म्हणाला.

ते मोटरपंपाच्या आवाजाचे फोटो होते. मधेच बैल थांबला. वर आलेला वरच राहिला. मग बारीक बारीक थरथरू लागला. खोकला आला होता. तो छातीत कोंडला होता आणि बैल त्याच्यावर बसला होता. अंगठा अंकुशच्या मुठीत ताठ झाला. अंकुशने स्वतःचाही श्वास धरला. तो धरून काय होणार होतं हे त्याला ठाऊक नव्हतं. मोटरपंप चालूच होता. बैलाची शिंगं थरथरत होती. जाळीतलं डोकं कसं होतं, कोणास ठाऊक.

पंप बंद पडला. आणि पोरीने असा खोकला काढला की बैल उडून अंकुशच्या अंगावर आला.

डब्यातून धर्मेंद्रभाऊ म्हणाले, "शाब्बास बे पोट्टे! फोटो एकदम साफ!"

अंकुशने ताडकन उठून बैल झेलायला दोन्ही हात वापरले होते. बाकीचं सांगायला नको. काचेपलीकडे डॉक्टर प्रेरणा होत्या एवढं पुरे.

बाहेर आबाजी दाराला टेकून उकिडवे बसले होते. दार उघडलं तसे ते मागे कलंडले. नातीने सांगितलं, "मी नाई हलली. दादा हलला."

निकाल दोन दिवसांनी आला. डॉक्टर प्रेरणांनी पडद्यावर जुना फोटो दाखवला, मग नवा. ठिपका होता. पण लहान झाला होता, कडा विरल्या होत्या. गाठ नाही, त्या म्हणाल्या. व्रण आहे, भरतोय. पुढचा फोटो दिवाळीनंतर.

आबाजी पडद्याजवळ गेले. ठिपक्याजवळ बोट नेलं.

"म्हंजे तीट होय हे," ते म्हणाले. "आपण गालाले लावतो, देवानं आतून लावली. अन् मी येडा, खिळे ठोकत बसलो."

जाताना त्यांनी खिडकीत थांबून जाहीर केलं की तान्ह्या पोळ्यापर्यंत दुसरा बैल होणार. जोडी पाहिजे. पोळ्यात एकटा बैल कोणी उभा करते का? अंकुशने विचारलं, आणि नजर? ते म्हणाले, या खेपी कोळसा. मग रखवालदाराकडून चाकू घेतला आणि गेले.

पोळ्याला काही दिवस उरले असताना सुरभीच्या आईचा, वर्षालीचा फोन आला. अंकुश खिडकीवर होता. समोर एक बाई होती, तिला तो प्रश्न विचारत होता.

आबाजी समुद्रपूरला बाजाराला गेले होते. परतीच्या गाडीसाठी स्टँडवर थांबले होते. बाकडं रिकामं होतं. ते भिंतीला टेकून उकिडवे बसले होते. गाडी आली, गेली. दुसरी आली, तीही गेली. लोकांना वाटलं, म्हातारा तिसरीची वाट पाहत असेल. कंडक्टरने खांद्याला हात लावला तेव्हा कळलं. हार्ट फेल, डॉक्टर म्हणाले.

अंकुशने फोन ठेवला. समोरची बाई पुढच्या प्रश्नाची वाट पाहत होती. उत्तर तिने कधीच दिलं होतं. तो तिला म्हणाला, "अंगात लोखंड आहे का?" ती म्हणाली, "सांगितलं ना, नाही." त्याने पुन्हा विचारलं. दवाखान्यात सगळ्यांनी त्या म्हाताऱ्याला छाती बडवताना पाहिलं होतं. सगळे हसले होते. तिथे डॉक्टर किती होते. सगळ्यांचे डोळे पोरीवर होते, अंकुशचेही.

तान्ह्या पोळ्याला तो गावाला गेला. पोरं रांगेत बैल घेऊन उभी होती, बेगडी शिंगांचे, झुली घातलेले. सुरभीचा बैल पट्टीतच होता. पट्टी आता मळकी झाली होती. तिचा बाप गोपाल पुण्याहून आला होता, तो पाय नीट चिकटवून देतो म्हणाला, पण सुरभीने हात लावू दिला नाही. टाके कच्चे आहेत म्हणाली.

कोणीतरी विचारलं, "एकच काऊन वो? जोडी कुठं हाय?"

"दुसरा घरी हाय. त्याचं चालू हाय."

घरी सुमित्राबाईंनी अंकुशला चहा दिला. कोठी आता उभी होती, ज्वारीने भरलेली. तिच्यावर आबाजींची झोळी ठेवली होती. सुमित्राबाईंनी झोळीतून ठोकळा काढून अंकुशच्या हातात दिला.

"धर. पाह्य. कामचोर होता बुढा. कोणतं काम पुरं केलं त्यानं?" त्या म्हणाल्या आणि पदराने कोठीचं झाकण पुसत राहिल्या. ते पुसलेलंच होतं.

अंकुशने ठोकळा फिरवून पाहिला. मान कोरून झाली होती. ती पहिल्या बैलाच्या उलट बाजूला वळलेली होती, शेजारी उभे केले तर एकमेकांकडे पाहतील अशी. एक शिंग होतं, दुसऱ्याच्या जागी खुंटीचं भोक. या खेपी पायही त्याच लाकडातून कोरायला घेतले होते, पुढचे दोन मोकळे झाले होते. पोटाखाली कोळशाची तीट लावलेली होती. बैल व्हायच्या आधीच.

तिटेच्या मागे नुसता पांगारा होता, सालीसकट. मागचे दोन पाय अजून त्याच्या आत होते.